अप्पांनी गोड सोडलं

त्या वर्षभर आमच्या खोलीत देवाच्या तसबिरीखाली एक मडकं असायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तसबिरीला हात जोडून झाले की मडक्यालाही जोडायच्या. मडक्यात ओली वाळू होती आणि वाळूत पुरलेल्या डबीत ह्यांचं इन्सुलिन. गावात वीज असून नसल्यासारखी, आमच्याकडे फ्रिज नाही, म्हणून मी केलेली ही सोय. एकदा समोरच्या घरातल्या म्हातारीनं विचारलं, "अक्का, ह्याच्यात काय ठिवलाव?" मी तोंड उघडायच्या आत हे डोळे मिटून मंद हसले. म्हातारीला तेवढं पुरलं. तिनं पदर पसरून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी मडक्यावर जास्वंदीचं फूल आलं.

मला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. ह्या माणसाचं दुखणं देव्हाऱ्यात जाऊन बसलं, आता ते बाहेर कसं काढायचं?

आम्ही दोघं बिदरचे, नौबादला आमचं घर. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मी मराठी शाळेतून. आमच्या मठाची एक जुनी रीत आहे. पोराबाळांच्या जबाबदारीतून मोकळ्या झालेल्या जोडप्यानं वर्षभर घर सोडून मठ सांगेल त्या गावी राहायचं, तिथली उपासना चालवायची. तिला वर्षसेवा म्हणतात. ह्यांनी नोकरीत असल्यापासून ही सेवा मनात धरली होती. मठातल्या वडीलधाऱ्यांनी प्रकृतीचं विचारलं तेव्हा हे छातीवर हात ठेवून म्हणाले, "ठणठणीत." मी शेजारीच बसले होते. चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडायची आमच्या पिढीत पद्धत नाही, पण रस्त्यावर आल्यावर मी त्यांना चांगलं धारेवर धरलं.

"साखर हाय म्हणून सांगितलो असतो तर पाठवले असते का?" हे म्हणाले. "आन आता कुणाला बोलू नकोस. सेवेत दुखणं सांगत बसायचं नसतं."

मुलीनं तर फोनवर रडून घेतलं. शेवटी म्हणाली, "आई, नेतीस तसं बाबांना परत आण." त्या एका वाक्यानं माझी झोप उडवली ती उडवलीच. धडधाकट नेलेला माणूस धडधाकट परत आणायचा, एवढंच माझ्यापुरतं वर्षसेवेचं काम होतं. बाकी पूजाअर्चा, भजन सगळं मी करत होते, पण एक डोळा ह्यांच्यावर ठेवून.

गाव मिळालं अफजलपूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. जिकडं बघावं तिकडं ऊस आणि वेशीबाहेर एक गुऱ्हाळ. वारा फिरला की उकळत्या रसाचा वास थेट आमच्या खोलीत. साखरेच्या रोग्याला मठानं नेमका गुळाच्या गावात पाठवला होता. मी हे बोलून दाखवलं तर हे म्हणाले, "देवाची परीक्षा." मी म्हटलं, "देवाची की माझी?"

आठवडा मात्र भरगच्च. सोमवारी मठानं दिलेल्या पादुकांच्या पूजेची तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासायची, ते माझं काम, आणि घासताना ह्यांचं पाणी पिणं किती झालं ते मोजत राहायचं. रविवारी नदीकडेच्या वस्तीवर जायचं. तिथं कानडी बोलणारी घरं जास्त, म्हणून तिथं हे बोलायचे आणि मी टाळ धरायची. आजारी माणसांकडं जाऊन बसायचं असायचं, कुणाच्या नव्या बैलाला, कुणाच्या नव्या मोटारसायकलला अंगारा लावायचा असायचा. आणि गुरुवार म्हणजे आमचा मोठा दिवस. संध्याकाळी पोथी, भजन, आरती, मग प्रसाद. प्रसाद गोडच. हे तो कपाळाला लावून हळूच माझ्या हातात सरकवायचे. दर गुरुवारी ह्यांच्या वाटणीचं गोड खाऊन मीच फुगत चालले होते.

पण खरी टांगणी रोजची होती, मधुकरीची. वर्षसेवेत चूल पेटवायची नाही. दुपारी झोळी घेऊन पाच दारांत जायचं, पडेल ते घ्यायचं आणि तेच खायचं. काय हवं ते सांगायचं नाही, वाढलेलं नाकारायचं नाही, सहाव्या दारात जायचं नाही. गाणगापूर तिथून जवळ. माध्यान्हीला दत्तमहाराज कुठल्याही रूपात भिक्षेला येतात असं त्या मुलखात घरोघर मानतात, त्यामुळे दारात झोळी आली की बायका हातातलं काम टाकून धावायच्या. आणि देवाच्या झोळीत कोरडी भाकरी कोण टाकेल? पुरणाची पोळी, शिरा, गव्हाची गुळात शिजवलेली हुग्गी. एकदा तर गुऱ्हाळवाल्यांच्या सुनेनं गरम गुळाचा गोळाच केळीच्या पानात घालून दिला.

मी साखर तपासायचं बारीक मशीन आणलं होतं. दार लावून, खिडकीला पातळ लावून ह्यांच्या बोटातून थेंब काढायचा आणि आकडा बघून तिथंच मटकन बसायचं, असा आमचा दुपारचा कार्यक्रम. आकडे उतरायचं नाव घेत नव्हते. बिदरच्या डॉक्टरांना मी फोन केला, त्यांनी इन्सुलिनची सुई वाढवून दिली. पाय सुन्न होतील, डोळे जातील, जखम झाली तर भरणार नाही, सगळं मला दिसत राहायचं. अंगणात हे चपलेशिवाय उतरले की मी ओरडायची. ह्यांचं म्हणणं एकच, "तू लई भेतीस."

मग एक गोष्ट घडली. गावाच्या मधोमध लिंबाचा पार आहे, तिथं बसून आम्ही मधुकरी खायचो. त्या दिवशी झोळीत तीन पुरणपोळ्या. ह्यांनी त्या काढल्या, कपाळाला लावल्या आणि पाराशी उभ्या असलेल्या गाईला एकेक करून भरवल्या. स्वतः तळाशी पडलेली चतकोर भाकरी खाल्ली. समोरच्या ओट्यावरून चार बायका बघत होत्या. त्यातली एक जवळ येऊन अदबीनं म्हणाली, "अप्पा, गोड सोडलाव का वो?"

काशीला जाऊन आलेली माणसं आवडीची एखादी गोष्ट देवाला वाहून सोडतात, कुणी आंबा, कुणी वांगं. बाईच्या मनात तेच होतं. ह्यांनी हात जोडले आणि नेहमीचं ते मंद हसू हसले. ना हो म्हणाले, ना नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, अप्पांनी गोड सोडलंय. दुसऱ्या दिवसापासून झोळीत ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पातळ वरण. वरणातसुद्धा गुळाचा खडा नाही. एकीनं तर चुकून टाकलेली साखरेची पोळी झोळीतून परत काढून घेतली, कान धरले, म्हणाली, "पाप लागलं असतं बगा." मशीनवरचे आकडे उतरायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. मी देवापुढं बसून खरंच रडले. मी ह्यांना कितीही दटावून जे जमलं नव्हतं ते गावानं एका गैरसमजात करून दाखवलं होतं, आणि तो गैरसमज मोडायची मला काही एक घाई नव्हती.

गडबड अशी झाली की ह्यांनाही तो गैरसमज आवडला. आधी नुसते हसायचे, मग बोलायला लागले. वस्तीवर कुणी चहा पुढं केला की, "माझ्या नेमात बसत न्हाई." माणसं पाया पडायची. गुरुवारी पोथीला हे जरा जास्तच ताठ बसायचे. घरात मी चिडवायची, "काय सुईवाले महाराज, आज कुणाला दर्शन?" ह्यांना ते आवडायचं नाही. एकदा म्हणाले, "हसू नकोस. नेम खरा नसंल, पण मी पाळायलोय तर खराच की." आता खरं सांगायचं तर ह्यांना स्वतःचाच नेम मोडावा लागणार, असं माझ्या मनात येऊन गेलं.

त्याच दिवसांत हे दुपारी घामाघूम व्हायचे. आरती धरताना हात कापायचा. कधी पोथीतली ओळ दोनदा वाचायचे. मला वाटायचं, खाणं रूक्ष झालंय, अशक्तपणा असेल. साखर वाढायची भीती मी इतकी उराशी धरली होती की ती खाली जाऊ शकते हे ठाऊक असूनही ठाऊक नसल्यासारखं झालं होतं. बिदरहून निघताना, साखर एकदम उतरली तर असावी म्हणून पिशवीत खडीसाखरेची पुडी घेतली होती. तीही मी पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी हातावर ठेवून टाकली. गुळाच्या गावात साखर कशाला बाळगायची!

ज्वारीची काढणी चालू होती. बाजाराचा दिवस. वाती, तेल, साबण असलं सामान आणायला मला अफजलपूरला जायचं होतं. टमटम रोजच्यापेक्षा लवकर आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून घाई करायला लागला, म्हणून मी ह्यांना सुई लवकरच टोचली. "झोळी घेऊन लगेच निघा, उशीर करू नका," म्हटलं. ह्यांनी हात हलवला.

बाजारात माझं मन लागेना. का ते सांगता येणार नाही, पण तेलवाल्याकडं बरणी भरत असताना मला एकदम वाटलं, आज गावात माणूस नाही. सकाळी टमटममधून दिसलं होतं, सगळी घरं कुलपं लावून ज्वारीवर निघाली होती. पाच दारं बंद मिळाली तर हे सहाव्या दारात जाणार नाहीत. आणि सुई तर पोटात गेलेली. मी बरणी तशीच टाकून निघाले. परतीची टमटम भरल्याशिवाय सुटेना. मी ड्रायव्हरला रिकाम्या सीटांचे पैसे देते म्हणाले, तेव्हा हलली. रस्ताभर मी नुसती जप करत होते, आणि जपात देवाचं नाव नव्हतं, "जेवा हो, काहीतरी खा हो" एवढंच होतं.

पाराभोवती बायका जमल्या होत्या. ज्वारीवरून परतलेल्या, डोक्याला अजून फडकी बांधलेली. मी त्यांना बाजूला सारलं. आत शिरले तर हे लिंबाच्या बुंध्याला टेकवलेले, सदरा घामानं निथळलेला, डोळे अर्धे उघडे आणि त्यात ओळख नाही. एक बाई पदरानं वारा घालत होती. म्हातारी आरती म्हणत होती. झोळीत अर्धी भाकरी होती, तीही तशीच.

"अक्का, गडबड करू नगा," म्हातारी म्हणाली. "अप्पाला समाधी लागलीय."

"गूळ आणा! साखर आणा कुणीतरी!" मी किंचाळले.

कुणी हललं नाही. एवढ्या गुळाच्या गावात कुणी हललं नाही.

"अक्का," वारा घालणारी काकुळतीला येऊन म्हणाली, "अप्पानं गोड सोडलेत. त्यांचा नेम आमच्या हातानं कसा मोडावा?"

"नेम न्हाई तो! साखरेचा आजार हाय त्यांना!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "साखरेचा आजार म्हंता, आन साखरच द्या म्हंता? आमच्या मामांजीला हाय, त्यानला डाक्टर साखरंला हात लावू देत न्हाई." आयुष्यभर पोरांना शिकवलं, आणि दोन वाक्यं जुळवता येईनात. मी ह्यांचा चेहरा धरून नुसती हलवत राहिले.

तेवढ्यात एक हात माझ्यापुढं आला. गुऱ्हाळवाल्यांची सून होती. मूठ घट्ट आवळलेली. तिनं ती उघडली तर आत गुळाचा खडा, तळहाताच्या उबेनं विरघळलेला, बोटांच्या सांदीतून ओघळ मनगटापर्यंत आलेले. ती कधीपासून तो धरून उभी होती कुणास ठाऊक. तिच्या सासूला असंच झालेलं तिनं पाहिलं होतं. तिला कळलं होतं. फक्त देवमाणसाचा नेम मोडायचा तिला धीर झाला नव्हता.

मी तिच्या हातावरचा गूळ बोटांनी निपटून ह्यांच्या तोंडात घालायला गेले, तर ह्यांनी ओठ मिटले. मान फिरवली. शुद्ध धड नाही, जीभ जड झालेली, तरी पुटपुटले, "नको... नेम..."

लग्नापासून मी ह्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या पारावर, सगळ्या गावादेखत, मी ह्यांचा जबडा धरला आणि ओरडले, "मोड तो नेम! उघड तोंड! मला तू पाहिजेस!" आणि गालात गूळ सारला, बोटानं चोळला, पुन्हा सारला. सून पळत जाऊन घरून गुळाचं पाणी घेऊन आली. घोट घोट उतरायला लागला.

हळूहळू डोळ्यांत माणूस परत आला. इकडंतिकडं बघितलं, जिभेनं ओठ चाटले आणि ह्यांनी पहिलं काय विचारलं तर, "गूळ कुणी दिला?"

मी उत्तर द्यायच्या आत ती पोरगी पुढं झाली. चोरी पकडल्यासारखी मान खाली. चिकट हात पदराखाली लपवलेला. "माज्या हातचा हाय अप्पा. काय पाप लागायचं ते मला लागू द्या."

हे तोंड झाकून हुंदके देऊन रडायला लागले. मी ह्यांना कधीच असं रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

अफजलपूरच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं, "खाणं पार बदललं, सुई तेवढीच ठेवली. मॅडम, असं कसं?" त्यांनी सुई निम्म्यावर आणली. मुलगी म्हणाली, आजच्या आज निघा. मीही पिशव्या भरायला घेतल्या. हे म्हणाले, "गुरुवार होऊ दे. मग तू म्हणशील तसं."

गुरुवारी पोथी सोडायच्या आधी हे उभे राहिले. ताठ नव्हते. म्हणाले, "मला साखरेचा आजार हाय. नेम-बिम काही न्हाई. तुम्ही पाया पडलाव, मला बरं वाटलं, म्हणून गप्प बसलो. आन त्या मडक्यात देव न्हाई, माझी औषधं हायत." मला वाटलं, आता माणसं उठून जातील, कुणी हसेल. समोरची म्हातारी दुखावल्या आवाजात म्हणाली, "मग पयलंच सांगायचं न्हाई का वो, अप्पा? आमी काय परके हाव?"

दुसऱ्या दिवशी मधुकरीला पहिल्या दारात भाकरी पडली, भाजी पडली आणि वर कागदाची छोटी पुडी. पुडीत गुळाचा खडा. "खायला न्हाई अप्पा, खिशात ठिवा. येळंला असू द्या." दुसऱ्या दारात तेच. पाचही दारांत तेच. सांगायचं नाही, नाकारायचं नाही, असा आमचा नियम. ह्यांनी एक पुडी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. भरलेल्या पिशव्या मी रिकाम्या केल्या आणि आम्ही वर्ष पुरं केलं.

आता आम्ही नौबादच्या घरी आहोत. मडकं गेलं, फ्रिज आहे, मुलगी फोनवर रडत नाही. ती सवय मात्र राहिली. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात गूळ असतो आणि त्यामुळे खिशाला मुंग्या असतात. पूर्वी कपड्याला मुंगी दिसली की मी घर डोक्यावर घ्यायची. आता हे फिरायला निघाले की मी फाटकापाशी उभी राहून खिशाकडं बघते. एखादी मुंगी चढताना दिसली की मला बरं वाटतं. गूळ जागेवर आहे.

आज सकाळी मुंगी दिसली नाही. मी फाटकातूनच हाक मारली. हे परत आले, खिसा उलटा करून दाखवला. कागद होता, खडा नव्हता.

"कधी खाल्लाव?"

"पहाटं. जरा घाम सुटला होता. मग उतरलं."

"आन मला कामून न्हाई उठवलं?"

हे खिसा नीट करत म्हणाले, "तुझा नुकताच डोळा लागला होता गं."

मी आत गेले, डब्यातून दोन खडे काढले आणि ह्यांच्या खिशात घातले.